अक्षता टाकणाऱ्यांची जबाबदारी



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे रत्नागिरीत मनःपूर्वक स्वागत करतो. संसार टिकावेत आणि सुखाचे व्हावेत, एवढ्यासाठी सगळ्या धर्मांची माणसे आज एका मांडवाखाली बसली आहेत. यजमान म्हणून याहून मोठा आनंद कोणता?

हा विषय या मातीला नवा नाही. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केले. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी शिकवलेली मुलगी हिंदू घरात सून म्हणून आली. मुरुडने तेव्हा या जोडप्याला वाळीत टाकले. देशाने पुढे त्याच कर्व्यांना भारतरत्न दिले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा घेऊन मुंबईत विधानभवनावर गेले. तोंडी तलाकाने बाईचा संसार उधळला जाऊ नये, हे त्यांचे मागणे. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला तो २०१७ मध्ये. आणि दापोलीजवळच्याच वणंदच्या रमाई! त्यांचे पती बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला आणि १९२० मध्ये पुन्हा लंडनला शिकायला गेले, तेव्हा मुंबईतला संसार रमाईंनीच ओढला.

रमाईंच्या वाट्याला आलेला तो दुरावा आजही आपल्या घराघरात आहे. मे महिन्यात लग्न होते, पाऊस लागायच्या आत नवरा मुंबई गाठतो आणि गणपतीला चार दिवस येतो. इथल्या राजिवड्यातला कुणी कुवेतला, कुणी बोटीवर. नवी सून सासू-सासऱ्यांत एकटी. तिकडे तोही एकटा. मग पैशावरून, फोनवरून, संशयावरून कुरबुरी सुरू होतात आणि दोन्ही घरे आपापल्या माणसाची बाजू घेऊन उभी राहतात.

आपल्या सर्वांच्या लग्नविधींत एक गोष्ट समान आहे. अक्षता टाकणारा मांडव, निकाहाचे दोन गवाह, चर्चच्या नोंदवहीत सही करणारे दोघे, बुद्धमूर्तीसमोर जमलेले उपासक – साक्षीदारांशिवाय लग्न लागत नाही. माझे म्हणणे एवढेच, की साक्षीदाराचे काम जेवणाच्या पंगतीबरोबर संपत नाही.

म्हणून या परिषदेपुढे मी दोन गोष्टी ठेवतो. कॅथलिक चर्चमध्ये लग्नाआधी वधूवरांचे शिबिर घेण्याची पद्धत आहे. पगार किती, घर कुठे करायचे, आईवडिलांना कोण बघणार, हे तिथे आधीच बोलले जाते. ही पद्धत आपण सर्वांनी आपापल्या रीतीने उचलावी. दुसरे, तालुक्या-तालुक्यात सर्व समाजांतल्या जाणत्या बायका-पुरुषांचे मिळून एक सल्ला केंद्र असावे. भावकीत किंवा जमातीत तोंड उघडले की गोष्ट गावभर होते, या धास्तीने मुली गप्प बसतात. परक्या समाजातल्या एखाद्या मावशीजवळ, खालाजवळ मन मोकळे करणे त्यांना सोपे जाते. एकत्र येण्याचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

मात्र एक पथ्य पाळू या. मार खाणाऱ्या बाईला "सांभाळून घे" म्हणून परत पाठवायचे आणि वर संसार वाचवला म्हणायचे, हे आपल्या हातून होता कामा नये. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. तिला त्यांच्यापर्यंत सोबत नेणे हाही आपला धर्मच.

राहण्या-जेवण्यात काही उणे वाटले तर आमच्या स्वयंसेवकांना हक्काने सांगा. आणि परत जाताना प्रत्येकाने एक निश्चय करून जावा: ज्या लग्नात मी उभा राहिलो, त्या घरी वर्षातून एकदा तरी जाऊन दोघांचीही विचारपूस करीन.