ओम्नीचा झिजलेला कॅम

आज तिखट-मसाल्याचं नाही, हप्त्याचंही नाही. आज मी गाडीच्या इंजनबद्दल बोलणार आहे. "हे आपल्याले कायले पाहिजे?" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. ज्या गटाकडे डिझेलची चक्की आहे, पंप आहे किंवा जुनं वाहन आहे, त्यांच्याकडेही हे दुखणं येऊ शकते.

आमचा गट काटोल तालुक्यातला. संत्र्याचा मुरब्बा, लोणचं, हळद, तिखट असा माल दर शनिवारी नागपूरला न्यायचा. एसटीत डबे चढवता-उतरवता जीव जायचा, म्हणून आम्ही जुनी मारुती ओम्नी घेतली, 65 हजाराला. अंतर्गत कर्ज काढून. चालवायला आमच्यातल्याच एका वैनीने लायसन काढलं. गावात पहिली बाई होती ती चारचाकी चालवणारी, म्हणून सगळ्यांचे डोळे तिच्यावर.

गाडी एका हौशी पोराची होती. त्याने तिला पळवण्यासाठी बरंच काही बदललं होतं: जाड सायलेन्सर, रुंद टायर, आणि "इंजन काम केलं आहे जी, मख्खन चालते." आम्ही त्या शब्दावर खुश झालो. कोणतं काम, कोणता पार्ट, बिल कुठे आहे, हे एकीनेही विचारलं नाही.

तीन महिने बरे गेले. मग सकाळी गाडी सुरू झाली की थरथरायची. वरून टिक-टिक आवाज. कळमेश्वरच्या अलीकडे जरा चढ लागला की ओढ नाही, आणि मधूनच कार्बोरेटरमधून फट् असा बार. पेट्रोल तर पाण्यासारखं जायला लागलं. पहिल्या गॅरेजमध्ये प्लग बदलले. दुसऱ्याने कार्बोरेटर धुतला. तिसऱ्याने टॅपेट सेट केले, तेव्हा आठ दिवस आवाज गेला आणि पुन्हा आला. परत सेट केले, परत आला. चार हजार रुपये गेले.

मीटिंगमध्ये मग कुजबुज सुरू झाली. एकीच्या घरच्यांनी म्हटलं, "बाईच्या हाती गाडी दिली तर इंजन जाणारच, क्लच दाबून चालवत असेल." वैनी काही बोलली नाही. तिने किल्ली सतरंजीवर ठेवली आणि उठून गेली. मला ते आजही आठवते, कारण मीही त्या दिवशी तिच्या बाजूने बोलले नाही.

नंतर गिट्टीखदानकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे गाडी नेली. वैनीला आग्रह करून सोबत घेतलं. काका म्हणाले, "पार्ट बदलू नका बाई, आधी रोग पाहू." ते कसे पाहत गेले, ते सांगते.

ओम्नीचं इंजन पुढच्या सीटखाली असते. 796 सीसी, तीन सिलिंडर, सहा व्हॉल. काकांनी सीट उचलली, गाडी चालू ठेवली आणि प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. पहिली काढली, इंजन बसायला लागलं. तिसरी काढली, तसंच. मधली काढली तर काहीच फरक नाही. म्हणजे मधला सिलिंडर काम करतच नव्हता. तिथला प्लग काढून पहिल्यात आणि पहिल्याचा मधल्यात लावला. दुखणं मधल्यातच राहिलं. मग तो प्लगचा दोष नाही.

मग त्यांनी दाब मोजायचं मीटर लावलं. तिन्ही सिलिंडरचा दाब जवळजवळ सारखा. काका वैनीकडे पाहून म्हणाले, "पिस्टन ठीक, रिंग ठीक, व्हॉल नीट बसतात. ज्या इंजनले रगडून मारलं असते, त्यात हा दाब मिळत नाही." टायमिंग बेल्टची खूण पाहिली, तीही जागेवर होती. बेल्ट एक दात सरकला असता तर तिन्ही सिलिंडर कमजोर झाले असते, एकच नाही.

आता राहिलं वरचं झाकण. इथे कॅम म्हणजे काय ते सांगते. तुमच्या काळ्या शिलाई मशीनमध्ये धागा वर ओढणारं बोट असते ना, ते खाली-वर होते ते आत फिरणाऱ्या एका तुकड्याच्या आकारामुळे. तशीच इंजनात एक दांडी फिरते, तिच्यावर अंड्याच्या टोकासारखे सहा उंचवटे. उंचवटा रॉकरला उचलतो, रॉकर व्हॉल दाबतो. आत घेणारा व्हॉल हवा-पेट्रोल घेतो, बाहेरचा जळालेला धूर सोडतो. उंचवटा जितका, व्हॉल तितकाच उघडणार.

काकांनी झाकण काढलं आणि इंजन हाताने हळूहळू फिरवलं. वैनीला म्हणाले, "रॉकर पाहत राय." पाचही रॉकर मस्त वर-खाली. मधल्या सिलिंडरचा धूर सोडणारा मात्र जेमतेम हलत होता. वैनीनेच आधी ओळखलं. धूर बाहेर जात नाही, आत कोंडतो, आणि हवा घेणारा व्हॉल उघडला की उलटा कार्बोरेटरकडे येतो. तोच तो फट् आवाज. टॅपेट सेट केले की फट भरायची, कॅम पुन्हा झिजायचा, फट पुन्हा पडायची. आम्ही दोनदा पैसे देऊन हेच केलं होतं.

दांडी बाहेर काढली. व्हर्नियरने मोजलं तर तो उंचवटा बाकी दोन धूरवाल्यांपेक्षा जवळपास 2 मिलिमीटरने खाली. टोक सपाट, वर ओरखडे. त्याच्याखालच्या रॉकरला खड्डा. ऑइल फिल्टर कापला तर आत चमचम चुरा, लोहचुंबकाला चिकटणारा. तेलाची वाट बंद होती का, हेही काकांनी तार घालून पाहिलं. मोकळी होती.

मग दोष कोणाचा? दांडी मूळची नव्हतीच. व्हॉल जास्त उघडावा म्हणून घासून आकार बदललेली होती. मूळ कॅमची वरची कातडी कठीण केलेली असते. जास्त घासलं की ती जाते आणि आतलं नरम लोखंड उघडं पडते. काकांनी आपल्याकडचा एक जुना मूळ कॅम आणला आणि दोन्हींच्या कडेवर कानस फिरवली. मूळ कॅमवरून कानस घसरली. आमच्यावर मात्र तिने चावा घेतला. त्यात भर म्हणजे जोरदार स्प्रिंग घातलेल्या आणि रॉकर जुनेच ठेवलेले. जुन्या रॉकरची झीज नव्या कॅमला खाते. नरम धातू, जास्त दाब, जुना रॉकर. सगळं एकाच ठिकाणी आलं.

दुरुस्ती अशी झाली: मूळ मापाचा कॅम, सहाही रॉकर नवे, स्प्रिंग मूळच्या, तेल आणि फिल्टर नवा, आतली सफाई. कॅमच्या उंचवट्यांना बसवताना दाट वंगण लावलं. पहिल्यांदा सुरू केल्यावर काकांनी गाडी संथ ठेवू दिली नाही. वीस मिनिटं मध्यम वेगाने चालवली, कारण संथ चालीत कॅमवर तेल कमी उडते आणि नवा कॅम पहिल्याच वेळी खरचटतो. कॅम बदलायला सांगितला आणि मिस्त्री जुनेच रॉकर घालतो म्हणाला, तर थांबवा त्याला.

सायलेन्सर आणि टायरही आम्ही मूळचे लावले. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ तपशिलात मनाने बदल करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. आम्हाला हे गाडी घेताना ठाऊक नव्हतं. जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा थंड इंजन सुरू करायला सांगा आणि वरचा आवाज ऐका. काम झालं म्हणतात तर बिल मागा.

पुढच्या मीटिंगला मी तो झिजलेला कॅम पिशवीतून नेला आणि सतरंजीवर ठेवला. प्रत्येकीने बोट लावून पाहिलं. वैनीवर बोलणाऱ्यांच्या घरच्या बाईने आधी हात लावला, मग तिच्याकडे पाहून म्हणाली, "माफ कर व." वैनीने किल्ली उचलली. शनिवारचे डबे किती, ते विचारलं.