घर बंद, कुत्रा कुठे?



आज कुत्र्याविषयी बोलू. हसू नका. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो. पण पंढरीची वाट धरताना आपल्या दारचा कुत्रा काय खाईल, हे कितीजण पाहतात? आम्हीही पाहिले नव्हते.

आळंदीहून पालखीबरोबर पायी पंढरपूरला पोचायला 18-20 दिवस लागतात. एका साली आम्ही घरचे सगळेच निघालो. मोत्याला मोकळा सोडला. शेजारी म्हणाले, "टाकू की भाकरतुकडा." टाकलाही असेल. पण मोत्या आम्हाला शोधत गावभर फिरला. परत येऊन पाहतो तो कानामागे दातांची जखम! कोणते कुत्रे चावले, कोणी पाहिले नव्हते. मोत्याला आम्ही लस कधी टोचलीच नव्हती. आणि पोरे तर आल्या आल्या त्याच्या गळ्यात पडलेली. त्यांच्या खरचटलेल्या हातांना त्याची लाळ लागलेली.

कुत्रा पिसाळतो तो रेबीज या रोगाने. रोगाची लक्षणे एकदा दिसली, की माणूस काय, जनावर काय, बहुधा वाचतच नाही. मात्र चावल्याबरोबर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी, आणि लगेच दवाखाना गाठून लस घ्यावी. सगळ्या सुया वेळेवर घ्याव्या. मग माणूस वाचतो. पोरांना सुया घ्याव्या लागल्या. गुरांच्या डॉक्टरांनी मोत्यालाही टोचले, बांधून ठेवायला सांगितले. मोत्या वाचला. पण ते महिने आम्ही कसे काढले, ते आम्हालाच ठाऊक.

पुढे पुण्याला भाचीकडे गेलो होतो. तिचे शेजारी परगावी निघाले होते. कुत्र्याला ठेवायला ते कुत्र्यांच्या वसतिगृहात चालले होते. आम्ही मुद्दाम बरोबर गेलो.

दारातच त्यांनी लस टोचल्याचा दाखला मागितला. दाखला नाही, तर कुत्रा आत नाही. एका आजारी कुत्र्यापासून दहांना लागण होते ना! हे आम्हाला फार पटले. प्रत्येक कुत्र्याला वेगळी खोली, वेगळे भांडे. फरशी रोज धुतात. दोन वेळा फिरवून आणतात. माजावर आलेली कुत्री ठेवून घेत नाहीत. कुत्रा काय खातो, औषध कोणते, सगळे वहीत लिहून घेतात. घरची जुनी चादरही मागतात. ओळखीच्या वासाने कुत्रा शांत राहतो. तरी पहिले एक-दोन दिवस काही कुत्रे नीट खात नाहीत, हे तिथल्या माणसाने आपणहून सांगितले. खरे बोलला, म्हणून आम्हाला बरे वाटले.

पैसे मात्र रोजचे काही शे रुपये. ते आमच्या ऐपतीबाहेर. म्हणून त्यांची रीत तेवढी गावी आणली.

आमच्या गल्लीत एक आजी आहेत. गुडघ्यांमुळे त्या वारीला येत नाहीत. निघायच्या आठ दिवस आधीपासून मोत्याला रोज थोडा वेळ त्यांच्या अंगणात बांधले. वर्षाची लस टोचून घेतली. जंताचे औषध दिले, गोचिड्या काढल्या. पीठ दिले, आणि आजींच्या कष्टाचे पैसेही हातावर ठेवले. आजी घेत नव्हत्या. पण फुकटात सांगितले, की आपल्यालाच पुन्हा विचारायची चोरी! गुरांच्या डॉक्टरांचा फोन नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहिला. आजी नुकत्याच लिहाय-वाचायला शिकल्या होत्या.

पहिल्या रात्री मोत्या रडला म्हणे. दुसऱ्या दिवशी अर्धीच भाकरी खाल्ली. तिसऱ्या दिवसापासून आजींच्या उंबऱ्याशी झोपू लागला. आम्ही आलो तेव्हा शेपूट हलवत धावत आला, अंगाशी घुटमळला, आणि परत आजींच्या ओट्यावर जाऊन बसला! आमच्या धाकट्याला रागच आला. आजींनी वही पुढे केली. पानावर वाकड्या अक्षरांत लिहिले होते: "मोत्या. रोज 2 भाकरी. पानी 2 वेळा. जखम नाही."