पुस्तकाची पेटी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



लोकप्रिय कादंबरीकार आणि वाचनालये या विषयावर मला चार शब्द बोलावयास सांगितले आहे. कादंबऱ्या वाचणारीला ‘रिकामटेकडी’ म्हणणारे आपल्या घरांत अजूनही आहेत, आणि खूप खपणाऱ्या लेखकाचे नाव निघताच नाक मुरडणारे विद्वानही आहेत. मला दोघांचेही पटत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. वाचनाची चटक अशाच पुस्तकांनी लागते. वि. स. खांडेकर तर गोपाळराव विद्वांसांच्या भाषांतरांमुळे गुजरातेतही घरोघरी पोहोचले. आपल्या नंदुरबारात मराठी, गुजराती आणि अहिराणी बोलणाऱ्या बायका एकाच ओट्यावर बसतात. त्यांच्यासाठी याहून सोयीचा लेखक कोणता?

आता वाचनालयाचे काम. कुलूपबंद कपाट आणि यादीचे बाड समोर ठेवले म्हणजे नवी बाई गोंधळते, आणि हाती येईल ते घेऊन जाते. त्यापेक्षा नुकतीच परत आलेली पुस्तके दाराजवळच्या टेबलावर मांडावीत. दुसरीने वाचलेले पुस्तक आपल्यालाही हवेसे वाटतेच! शिवाय ग्रंथपालाने थोडे बोलावे. रणजित देसाईंची ‘स्वामी’ (1962) परत करणारीला ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ द्यावी. माधवरावांच्या मागून त्यांच्या आजोबांची, बाजीरावांची कथा. मग लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. मग आपल्या शहाद्याकडचे वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह. लोकप्रिय पुस्तकाचे बोट धरूनच बाई इथवर येते.

पण वाचनालय उघडे असते तेव्हा आपण स्वयंपाकघरात, आणि तिथे वर्तमानपत्रे वाचीत बसलेल्या पुरुषांतून आत शिरावयाचे नव्या सुनेला धैर्य होत नाही. मला खरी अडचण ही वाटते. सयाजीराव महाराजांनी 1910 साली बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यास आणले आणि पुढे पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. नवापूरपलीकडचे सोनगड-व्यारा तेव्हा बडोदे संस्थानातच होते. म्हणजे ही गोष्ट काही लांबची नव्हे.

तशी एक पेटी आपणही सुरू करू. वर्गणी मंडळाने भरावी. महिन्याला पंचवीस पुस्तके आणावीत. निदान पाच गुजराती असावीत. पेटी दर पंधरवड्याला एका गल्लीतून दुसरीत जाईल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती मधोमध उघडून ठेवू. सासूबाईंच्या देखत घेतलेले पुस्तक मग उशीखाली लपवावे लागणार नाही. नोंदवही मी सांभाळीन. पेटी उचलावयास मात्र दोघीजणी हव्यात. आजच नावे द्या.