दोन फुंकण्या, एक इंजिन

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि "तुझ्या कामाबद्दल बोल, पण कुणाला झोप आणू नकोस" अशी ताकीदही दिली आहे. माझं आयुष्य इंजिनांच्या चाचण्या घेण्यात गेलं. म्हणून आज एका वेगळ्या इंजिनाबद्दल सांगतो. त्याला टर्बोचार्जरही होता आणि सुपरचार्जरही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी चूल होती. लाकडं कितीही सारली तरी फुंकणीनं हवा मिळेपर्यंत ती धुमसतच राहायची. इंजिनाचंही तसंच आहे. एक लिटर पेट्रोल नीट जाळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. पेट्रोल जास्त सोडणं सोपं, तेवढी हवा आत नेणं अवघड. लहान इंजिनाकडून मोठ्याचं काम करून घ्यायचं असेल, तर हवा दाबून भरावी लागते. त्यासाठी दोन प्रकारच्या फुंकण्या आहेत.

सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. पाय दाबला की लगेच हवा देतो. पण त्याची मजुरी रोख असते, कारण तो इंजिनाचीच ताकद खातो. वेग वाढेल तशी मजुरीही वाढते.

टर्बो फिरतो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर. पेट्रोलमधली साधारण एक तृतीयांश ऊर्जा त्या धुराबरोबर वाया जाते. टर्बो त्यातलीच थोडी उचलतो, म्हणजे जवळजवळ फुकट राबतो. ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही हे आपल्याला शिकवणारे सर समोर बसले आहेत, म्हणून 'जवळजवळ' हा शब्द जपून वापरतो. टर्बोची अडचण एकच. त्याला मिनिटाला लाखावर फेरे घ्यावे लागतात आणि इंजिन हळू चालत असताना तेवढा धूरच नसतो. आपण पाय दाबतो आणि गाडी क्षणभर विचार करत बसते. याला टर्बो लॅग म्हणतात.

मग दोघांनाही कामावर का ठेवू नये? लान्सिया या इटालियन कंपनीनं १९८५ साली रॅलीच्या शर्यतीसाठी डेल्टा एस-४ ही गाडी नेमकी अशीच बनवली. इंजिन जेमतेम पावणेदोन लिटरचं, ताकद साडेचारशे हॉर्सपॉवरच्या पुढची. ब्रिटनमधल्या आरएसी रॅलीत पहिल्याच उतरणीला हेन्री टोइवोनेननं ती जिंकून दिली. पुढच्या वर्षी २ मे रोजी कॉर्सिकाच्या डोंगरात तीच गाडी रस्ता सोडून खाली गेली आणि पेटली. टोइवोनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो दोघेही गेले. 'ग्रुप बी' नावाचा तो शर्यतींचा प्रकार त्या वर्षाअखेर बंद झाला. इंजिनातून ताकद काढता आली, म्हणजे ती रस्त्यावर पेलता येतेच असं नाही.

वीस वर्षांनी फोक्सवॅगननं हीच कल्पना घरगुती गाडीत आणली. गोल्फ जीटीचं इंजिन १३९० सीसीचं, ताकद १७० हॉर्सपॉवर, टॉर्क २४० न्यूटन-मीटर. खरी गंमत मात्र दोन यंत्रं बसवण्यात नव्हती, एकानं दुसऱ्याकडे काम सोपवण्यात होती. मिनिटाला २४०० फेऱ्यांपर्यंत जोर लागला की सुपरचार्जर कामाला लागायचा. २४०० ते ३५०० या टप्प्यात गरज पडली तरच त्याला बोलावलं जायचं. ३५०० च्या पुढे चुंबकीय क्लच त्याला सोडवायचा, हवेच्या वाटेवरची एक झडप उघडायची आणि सगळा भार टर्बो घ्यायचा. हे इतक्या अलगद व्हावं लागतं की चालवणाऱ्याला हिसका बसता कामा नये. आमच्या धंद्यात दोन चांगले भाग मिळवणं फार कठीण नसतं. त्यांचा सांधा जुळवण्यात वर्षं जातात. या इंजिनाला २००९ मध्ये 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा किताब मिळाला.

आणि तरी ते टिकलं नाही. दोन यंत्रं, जादा पट्टा, क्लच, झडप, म्हणजे खर्चही जास्त आणि बिघडायला जागाही जास्त. दरम्यान टर्बो लहान आणि हलके झाले, लवकर फिरू लागले. आज आपल्या चाकणला बनणाऱ्या टायगुन आणि व्हर्टसच्या दीड लिटर इंजिनात एकच टर्बो आहे. ताकद १५० हॉर्सपॉवर, पण टॉर्क २५० न्यूटन-मीटर, तोही १६०० फेऱ्यांपासून. दोघांचं काम एकटा करायला लागला, तेव्हा दुसऱ्याला रजा मिळाली. विजेच्या गाडीला तर हवाच लागत नाही. उद्या कदाचित माझं सगळं ज्ञान संग्रहालयात जाईल. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण त्या सुपरचार्जरबद्दल मला आदर आहे. सुरुवातीचा, सगळ्यात जड ओढा त्यानं ओढला. टर्बोला वेग येईपर्यंत थांबला आणि वेळ आल्यावर बाजूला झाला. तो तसाच अडून बसला असता, तर गाडीला मदत व्हायची सोडून तिच्यावर ओझंच झालं असतं. आपल्यापैकी काहींनी दुकानाच्या चाव्या मुलांच्या हाती दिल्या आहेत, काही अजून गल्ल्यावरून उठायला तयार नाहीत. नावं घेत नाही, हसणाऱ्यांनी ती ओळखली आहेतच! लवकर सोडलं तर गाडी अडखळते, उशिरा सोडलं तर आपलाच भार होतो. ती वेळ ओळखण्यासाठी गोल्फमध्ये एक कंट्रोल युनिट होतं. आपल्याला ते स्वतःच ओळखावं लागणार.

जेवणाची वेळ झाली आहे, तेव्हा मी माझा क्लच सोडतो.