ताऱ्यांचे छायाचित्र



रात्रीच्या आकाशाचे छायाचित्र कसे काढतात, ते आज मी तुम्हांला सांगणार आहे.

दिवसा छायाचित्र काढणे सोपे असते. कळ दाबली, की कॅमेऱ्याची झडप क्षणभर उघडते आणि मिटते. तेवढ्यात पुरेसा प्रकाश आत जातो. ताऱ्यांचा प्रकाश मात्र फार मंद. म्हणून रात्री ती झडप दहा-पंधरा सेकंद उघडी ठेवावी लागते. थेंबाथेंबाने घागर भरते ना? तसा कॅमेरा प्रकाश साठवत जातो. आपल्या डोळ्यांना तो असा साठवता येत नाही. म्हणून डोळ्यांना न दिसणारे तारेही छायाचित्रात दिसतात.

1882 साली आकाशात एक मोठा धूमकेतू आला. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या वेधशाळेत डेव्हिड गिल यांनी त्याची छायाचित्रे काढली. पाहतात तो काय! धूमकेतूभोवती कितीतरी तारे उमटले होते. मग गिल यांनी दक्षिणेकडच्या आकाशाची छायाचित्रे काढली. हॉलंडमधील काप्टाइन यांनी ती अनेक वर्षे खपून तपासली. त्यांतून साडेचार लाखांहून अधिक ताऱ्यांची यादी तयार झाली. दक्षिणेचे तेच आकाश आपल्या मॉरिशसवरही आहे!

तुम्हांलाही असे छायाचित्र काढता येईल. जून-जुलैमधील अमावस्येची, निरभ्र रात्र निवडा. घरातील मोठ्या माणसांना बरोबर घ्या. सुयाकजवळ ग्री-ग्रीला दक्षिणेकडे समुद्रच समुद्र आहे. तिथे त्रिशंकूचे चार ठळक तारे छान दिसतात. कॅमेरा किंवा मोबाइल तिवईवर नाहीतर भिंतीवर घट्ट ठेवा. तो जरा हलला, तर तारे फिसकटतात. फ्लॅश लावू नका. त्याचा उजेड ताऱ्यांपर्यंत थोडाच पोहोचणार!

झडप तासभर उघडी ठेवली, तर ताऱ्यांच्या रेषा उमटतात. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकताना दिसतात. त्या रेषा दक्षिणेकडील एका बिंदूभोवती गोल वळलेल्या असतात. हात लांब करून दोन मुठी एकीवर एक धरा. समुद्राच्या कडेपासून साधारण तेवढ्या उंचीवर तो बिंदू असतो. आपले पूर्वज कोकणातून आले. तिथे तारे उत्तरेच्या ध्रुवताऱ्याभोवती फिरताना दिसतात. इथून ध्रुवतारा दिसत नाही. आपल्या दक्षिणेच्या बिंदूपाशी तसा ठळक ताराही नाही. पण कॅमेरा तो बिंदू दाखवून देतो.

मुलांनो, कॅमेरा ताऱ्यांचा प्रकाश साठवतो, तसा दिव्यांचाही साठवतो. शहरातून काढलेल्या छायाचित्रात आकाश पांढुरके येते आणि तारे हरवतात. दिवे वाढले, की डोळ्यांनाही तेच होते. ज्या मुलाने आकाशगंगा कधी पाहिलीच नाही, त्याला ती हरवल्याचे दुःख तरी कसे होणार?

म्हणून आज रात्री नको असलेला अंगणातील दिवा बंद करा. दहा मिनिटे अंधारात शांत उभे राहा. मग वर पाहा. एकेक तारा उजळू लागेल.