व्यसनबंदी आणि दृष्टिपटल

हिवरे बाजारने दारूबंदी स्वीकारली ती संसार सावरावेत म्हणून. तिने डोळ्यांचेही रक्षण होते, हे सहसा ध्यानात येत नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये याच जिल्ह्यातील पांगरमल येथे विषारी दारूने माणसे दगावली. बनावट दारूत मिथेनॉल असल्यास शरीरात त्यापासून फॉर्मिक आम्ल तयार होते. ते पेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांचे कार्य रोखते. दृष्टिपटल व डोळ्यामागील मज्जातंतू यांना ऊर्जा अखंड लागते. साहजिकच पहिला आघात त्यांच्यावर होतो. लक्षणे बहुधा 12 ते 24 तासांनी दिसतात. तोवर घरचे ‘उतरेल’ म्हणून निजू देतात, आणि घात होतो तो इथेच. नजर धुक्यासारखी झाली, धाप लागली, तर रुग्णालय तत्काळ गाठावे. उतारा आहे, मात्र उशीर झाल्यास प्राण वाचूनही अंधत्व राहू शकते.