पॅक म्हणण्याची वेळ
(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)

गणपतीपुढे पत्त्यांच्या डावावर बोलणार म्हटल्यावर काही भुवया उंचावल्या, त्या आम्हाला दिसल्या. पण मूर्तीजवळ रात्री कोणीतरी जागे राहावे लागते, आणि जागे राहणारे काय करतात हे शाहपुरात कोणाला सांगायला नको. आरती झाली, प्रसाद वाटला, की सतरंजीच्या कोपऱ्यात पत्ते पिसले जातात. तीन पत्तीत ‘पॅक’ हा शब्द तोंडातून निघायला किती जड जातो, ते तिथेच कळते. पाने चांगली आली असताना डाव सोडणे इतके कठीण का, आणि तो कधी सोडावा, एवढाच आमचा विषय आहे.

पोकर म्हणजे आपल्या तीन पत्तीचा परदेशी भाऊबंद. त्याच्या सगळ्यात प्रसिद्ध प्रकारात हातात दोन पाने असतात, मध्ये सर्वांसाठी पाच उघडी पाने असतात, आणि या सातांतून उत्तम पाच निवडायची असतात. 2006 साली अमेरिकेतल्या ‘हाय स्टेक्स पोकर’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात खऱ्या पैशांचा एक डाव झाला. कॅनडाच्या डॅनियल नेग्रेआनूच्या हातात दोन छक्क्या होत्या. समोर डेन्मार्कचा गस हॅन्सन. मध्ये नव्वी, छक्की, पंजी उघडली, मग आणखी एक पंजी, शेवटी अठ्ठी. नेग्रेआनूकडे तीन छक्क्या आणि दोन पंज्या झाल्या. याला फुल हाउस म्हणतात. असा हात क्वचितच लागतो. त्याने 65,000 डॉलर लावले. हॅन्सनने उरलेले सगळे, म्हणजे 2,32,000 डॉलर पुढे सारले. आता नेग्रेआनूने आणखी 1,67,000 टाकायचे, नाहीतर पाने टाकायची.

कागद-पेन्सिल घेऊन बसू. मध्ये तेव्हा 4,08,700 डॉलर जमा होते. 1,67,000 टाकले तर एकूण 5,75,700 होतात. म्हणजे शंभरांत एकोणतीस वेळा जिंकण्याची शक्यता असेल, तरी पैसे टाकणे परवडते. त्याला हरवणारे हात कोणते? दोन नव्व्या तीन प्रकारे येऊ शकतात, दोन अठ्ठ्या तीन प्रकारे आणि दोन पंज्या एकाच प्रकारे; एकूण सात. एक पंजी आणि सोबत नव्वी, अठ्ठी किंवा छक्की असा हलका फुल हाउस चौदा प्रकारे होतो, आणि त्या सगळ्यांवर नेग्रेआनूच जिंकतो. या चौदांपैकी नुसते तीन हात हॅन्सन खेळेल असे मानले, तरी दहात तीन संधी होतात आणि हिशेब जमतो. हॅन्सन तर कसल्याही पानांवर खेळणारा म्हणून ओळखला जाई. नेग्रेआनूने पैसे टाकले. हॅन्सनने दोन पंज्या दाखवल्या. चार पंज्या! सातांतला तो एकमेव प्रकार निघाला आणि सगळा ढीग गेला.

नेग्रेआनू चुकला का? आमच्या मते नाही. निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट ठरत नाही. उलट, हॅन्सन अगदी जपून खेळणारा असता, त्या चौदांतला एकही हात त्याने खेळला नसता, तर तीच सुंदर पाने टाकून देणे शहाणपणाचे होते. आणखी एक गोष्ट पाहा. त्या क्षणापर्यंत नेग्रेआनूचे 1,20,000 डॉलर आत गेले होते. मन म्हणते, ‘इतके घातले, आता कसे सोडू?’ पण ते पैसे आता त्याचे नव्हतेच. ते ढिगाचे झाले होते. विचार फक्त पुढच्या 1,67,000 चा करायचा.

याहून मोठा आणि कठीण डाव आपल्या इतिहासात सोडला गेला. 1665 साली मिर्झाराजे जयसिंगांनी पुरंदरला वेढा घातला. वज्रगड गेला, मुरारबाजी पडले. इतके रक्त सांडल्यावर मागे हटणे कोणाला सोसेल? पण गडावर माणसे अडकली होती, खाली गावे जळत होती. महाराजांनी जे गेले ते मोजत न बसता जे वाचवता येईल ते मोजले. जून महिन्यात तह झाला. 23 किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख दिला. 12 किल्ले आणि एक लाखाचा मुलूख राखला. राखलेल्यांत राजगड, तोरणा आणि रायगड होते. पुढचा डाव खेळता येईल इतके हाती ठेवून केलेली ही माघार होती. 1670 च्या फेब्रुवारीत कोंढाणा परत आला, मार्चमध्ये पुरंदर.

आणि जिंकलेले मिर्झाराजे? ते लगेच विजापूरवर गेले. मोहीम फसत गेली तरी पदरचा पैसा ओतत राहिले. विजापूर हाती आले नाही. बादशहाने परत बोलावले आणि 1667 मध्ये आपल्या बऱ्हाणपुरात त्यांचा देह पडला. बोहरड्याला तापीकाठी त्यांची छत्री आहे. आपण सहलीला जातो, फोटो काढतो. पुढच्या वेळी तिथे घटकाभर बसून या दोन डावांचा विचार करा.

मंडळी, हे सगळे आपल्या घरचेच आहे. केळीच्या कोवळ्या बागेत हरण्या रोग दिसतो तेव्हा रोप, ठिबक, खत यांवर पैसा लागून चुकलेला असतो. रोगट झाड लगेच उपटून नष्ट करा, मावा तो रोग पसरवतो, हे आपल्याला ठाऊक असते. तरी आमच्यापैकी कितीतरी जणांनी ‘सुधारेल’ म्हणून आठ दिवस वाट पाहिली, आणि शेजारच्या ओळीही घालवल्या. मोबाइलवर हरलेले हजार परत मिळवायला दोन हजार लावणारी आपली मुलेही त्याच फासात अडकतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, ते बरेच झाले. पण गेलेल्याच्या मागे धावण्याची सवय कायद्याने सुटत नाही; ती घरात बोलूनच सुटेल. मूल हरून आले तर आधी ओरडू नका. ‘इथे थांबलास, बरे केलेस’ म्हणा. नाहीतर ते लपवेल आणि पुन्हा लावेल.

आज रात्री सतरंजीवर पत्ते पडतील. पैशांऐवजी चिंचोके घ्या. आणि चांगली पाने हातात असूनही कोणी विचार करून ‘पॅक’ म्हणाला, तर त्याला हसू नका.

गणपती बाप्पा मोरया!